कपाट भरलंय, तरी मला काय शोभतं ते कळत नाही. स्वतःची स्टाइल कशी ओळखायची?

नोकरी लागल्यापासून तुम्ही दर महिन्याला कपडे घेता, तरी सकाळी घालायला काही सापडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझी पाच-सहा वर्षं अशीच गेली. मी बेळगावची, शहापूर भागातली. मला उत्तर मिळालं ते कपडे वाळत घालायच्या दोरीवर.

आमच्याकडं जुलैत पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. घरातच दोऱ्या बांधायच्या आणि पंखा लावून कपडे वाळवायचे. अशाच एका पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं, की कपाटात कोरड्या कुर्त्यांची चळत पडलीय आणि मी रोज उठून दोरीवरच्या त्याच तीन कुर्त्यांना हात लावून बघतेय, वाळले का म्हणून. एकाच्या बाह्या ओल्या होत्या, तर इस्त्री फिरवून तोच घातला. आई म्हणाली, "परत तेच घातलीस?"

त्या रात्री तिन्ही कुर्ते पलंगावर पसरले. तिन्ही सुती आणि गडद: निळा, जांभळा, डाळिंबी. गळा बंद, बाही कोपराच्या खाली, बाजूला खिसा. छापील फुलं एकावरही नाहीत, काठ मात्र दोघांना. कपाटातले न घातलेले बहुतेक फिके, फुलाफुलांचे, दुसऱ्या कुणाच्या अंगावर छान दिसले म्हणून घेतलेले. माझी आवड केव्हाच ठरलेली होती, खरेदी करताना मी तिला विचारतच नव्हते.

ही आवड आली कुठून, तेही मग उमगलं. आजी रोजच्याला इरकल लुगडं नेसायची, गडद अंगाचं, लाल पदराचं. इरकलमध्ये अंगाचा आणि पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो. मागावरच फासात फास अडकवून दोन्ही जोडतात, त्याला टोपे-तेनी म्हणतात. लहानपणी तिच्या मांडीवर झोपून मी त्या जोडावर बोट फिरवत राहायची. आज ते लुगडं माझ्याकडं आहे. विरलंय, पण त्याला कात्री लावायची माझी तयारी नाही. त्याच रंगसंगतीचा बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा खण, म्हणजे चोळीचं काठाचं कापड, घेतला. खणाचा पन्हा लहान, सबंध कुर्ता काही निघत नाही, म्हणून छातीला आणि बाहीच्या टोकाला खण आणि बाकी साधं निळं सुती कापड. तो घालून गेले त्या दिवशी ऑफिसातली कन्नड बोलणारी मैत्रीण बाहीचा काठ हातात धरून बराच वेळ बघत होती. तिच्याही आजीचं लुगडं असंच होतं.

तर तुम्ही एक महिना काही घेऊ नका. धुऊन आल्या आल्या पुन्हा घालावासा वाटतो तो कपडा बाजूला ठेवा. असे तीन-चार निघतील. त्यांचं कापड, रंग, गळा, बाही, लांबी वहीत लिहा. जे सगळ्यांत सारखं निघेल ते तुमचं. महाग-स्वस्त, नवं-जुनं याचा विचार नको.

मग त्यातला सगळ्यात चांगला बसणारा कपडा मापाला म्हणून टेलरकडं द्या. अंगावर टेप लावून घेतलेल्या मापापेक्षा मला हे कायम बरं पडलंय, कारण त्या कपड्याचा सैलपणाही जसाच्या तसा येतो. "जरा फॅशनमध्ये शिवू का ताई?" असं ते विचारतील. पहिल्यांदा तरी नको म्हणा. खण लावणार असाल तर शिवायच्या आधी दोन्ही कापडं वेगवेगळी भिजवून वाळवा, नाहीतर एक आटतं, दुसरं नाही आणि शिवणीला चुण्या पडतात. ओल्या खणावर पांढरं फडकं घासून रंग जातो का तेही बघा. माझा एक कुर्ता यातच गेला.

आणि शिवायला गणपतीच्या तोंडावर टाकू नका. तेव्हा टेलरकडं इतकी गर्दी असते, की तो घाईत मापाच्या कपड्याकडं बघतसुद्धा नाही.