दातावरची कॅप चांगली आहे, मग काढायची कशाला?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आलाय की दातदुखी आता मला मनाच्या खात्यातलीच वाटते. डॉक्टरांनी रूट कॅनाल सांगितलेलं असतं. पण आधी जुनी कॅप किंवा भरलेली चांदी काढून आत बघू, मग ठरवू, म्हणतात. त्या ‘मग ठरवू’पाशी माणूस अडतो.

गुजरीतले एक दागिन्यांचे कारागीर असेच तीन महिने अडले होते. खालच्या दाढेवर ११ वर्षांची धातूची कॅप, रात्री ठणका, खिशात गोळ्यांची पट्टी. पहिल्या दोन भेटी पैशांवर आणि ‘हल्लीच्या डॉक्टरां’वर गेल्या. मी जाऊ दिल्या. घाईनं माहिती ओतली की लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन गोळी घेतात.

तिसऱ्या वेळी विचारलं, “काका, भीती कॅप काढायची आहे, की काढल्यावर काय कानावर पडेल त्याची?”

गालावर हात ठेवून ते बराच वेळ गप्प. मग, “काढली आन् दाढ ऱ्हात न्हाई म्हणाले तर? आधी खात्री पायजेच की, मॅडम.”

तो ‘च’ मी पकडला. माझ्या मते निम्मी दुखणी या एका अक्षरात असतात. दाढ वाचावी ही इच्छा रास्त आहे. ती वाचणार हे आधीच कळलंच पाहिजे, हा हट्ट. पण तसं सांगून कुणाचा हट्ट सुटलाय? मी बोलणं त्यांच्या पेढीवर नेलं. “जुना साज सांधायला आला, तर वरून बघून सांगता?”

“छ्या! आत लाख असती. आच लागली की पाघळती. लाख काढायची, पत्रा बघायचा, मग बोलायचं. गिऱ्हाइकाला वाटतंय आपण उगंच...” आणि थांबले. हसू आलं त्यांना. “आयला, मीच गिऱ्हाईक झालोय व्हय!”

त्या हसण्यावर मी एक शब्द बोलले नाही. गप्प बसणं मला जमतं. शिकायला बरीच वर्षं लागली.

माहिती त्यानंतर पचली. धातूच्या आड काय चाललंय ते एक्स-रेत दिसत नाही. कडेतून लाळ आणि जंतू आत झिरपत असतील, तर कॅपला नुसतं भोक पाडून केलेलं रूट कॅनाल पुन्हा बिघडू शकतं. कीड साफ केल्यावर हिरडीच्या वर सगळीकडून साधारण १.५ ते २ मिलिमीटर निरोगी दात उरला, तर नव्या कॅपला पकड मिळते. उभी चीर मुळात उतरली असेल, तर बहुधा दाढ काढावीच लागते. एका बाईंची तशी काढावी लागली. रूट कॅनालचा खर्च होण्याआधी कळलं, यावरच त्या खूश होत्या.

म्हणून खर्च टप्प्याटप्प्यानं विचारा: उघडून बघण्याचा वेगळा, पुढचा वेगळा. दात किती उरेल, चीर आहे का, हिरडी एकाच जागी खोल गेली आहे का, हेही विचारा. आणि सूज पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, तर माझ्याकडे येऊ नका, थेट दवाखाना गाठा.

काकांची दाढ राहिली. कापून काढलेली कॅप ते कानातल्याच्या डबीत घालून घेऊन आले. बाहेरून चकचकीत, आतून काळीकुट्ट.

“वजन केलं,” म्हणाले. “सवय हो.”