दूध-दही बंद करू नका, आधी पाणी आणि मीठ बघा

ताई, तुमच्या मिस्टरांचा ६ एमएमचा मुतखडा दुर्बिणीने काढला, तपासणीत तो कॅल्शियम ऑक्सलेटचा निघाला आणि आता घरचे म्हणतायत की दूध, दही, टोमॅटो सगळं बंद करा, हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मला दोनदा मुतखडा झालाय आणि पहिल्या वेळी मीपण हेच केलं होतं, सहा महिने दुधाचा थेंब नाही, तरी पाच वर्षांनी परत झालाच.

दुसऱ्या वेळच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. ऑक्सलेट म्हणजे काही भाज्या-दाण्यांत असणारं द्रव्य, लघवीत कॅल्शियमला चिकटलं की त्याचा खडा होतो. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरतं आणि संडासवाटे बाहेर नेतं, दूध-दही तोडलं की तेच ऑक्सलेट मोकळं राहून रक्तातून किडनीत जातं. म्हणजे जेवताना वाटीभर दही किंवा ताक हवंच. फक्त कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्यापण नकोत, त्याचं शरीरात ऑक्सलेट होतं.

टोमॅटोला उगाच बदनाम केलंय, त्यात ऑक्सलेट कमीच असतं. खरं जास्त असतं पालक, अळू, राजगिऱ्याची पालेभाजी, बीट आणि बदामात. अळूचं फतफतं मला जीव की प्राण, ते मी सोडलं नाही पण सणासुदीलाच करते आणि सोबत दही घेते. पालक उकडून पाणी फेकून दिलं तर बरंच ऑक्सलेट निघून जातं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट पाणी. मी शिक्षिका आहे, शाळेतलं बाथरूम इतकं वाईट होतं की आम्ही बायका सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाणीच प्यायचो नाही, आणि माझ्या खड्याचं मूळ तिथेच होतं असं मला आजही वाटतं. किती ग्लास प्यायलो हे मोजण्यापेक्षा दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, रंग फिका पाहिजे. आमच्याकडे अकोल्याच्या मे महिन्यात घामातच इतकं जातं की तीन लिटर पिऊनही पिवळीच होते, मग अजून प्यावं लागतं. मिस्टर दिवसभर गाडीवर असतात म्हणालात ना, तर दोन बाटल्या भरून द्या, घरी येईपर्यंत रिकाम्या झाल्या पाहिजेत. झोपायच्या आधीपण एक ग्लास. लिंबू पाणी उत्तम, त्यातलं सायट्रेट खडा होऊ देत नाही, पण त्यात मीठ नको आणि साखरही जवळपास नकोच. हार्ट किंवा किडनीचा आधीचा त्रास असेल तर पाण्याचं प्रमाण आधी डॉक्टरांना विचारा.

मिठाकडे कोणी बघतच नाही. जास्त मिठाने लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. दिवसभराचं सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, यात पापड, लोणचं, फरसाण, चिवडा सगळं आलं, पापडात तर मिठाशिवाय पापडखारही असतो. मटण-चिकन रोज नको. कोल्ड्रिंक बंदच करा.

कुळथाचं पिठलं हौसेने खा, पण त्याच्या पाण्याने कॅल्शियमचा खडा विरघळत नाही. बीअर पिऊन खडा पडतो हे ऐकून माझ्या भावाने महिनाभर ते केलं, खडा तिथेच होता.

आणि परत कधी पोटात कळ आली आणि सोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवीच बंद झाली, तर घरगुती काही न करता त्याच रात्री हॉस्पिटलला न्या.