टाळ्या नेमक्या कोणाला? ‘अ कोरस लाइन’विषयी वाचकांचे प्रश्न

‘अ कोरस लाइन’ ही 1975 साली न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आलेली नृत्यप्रधान संगीतिका. ब्रॉडवेवरील, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरील, एका नव्या नाटकाच्या समूहनृत्यासाठी 17 नर्तक-नर्तकी अंतिम निवडीला उभे आहेत, त्यांतून 4 पुरुष आणि 4 स्त्रिया घ्यायच्या आहेत, आणि दिग्दर्शक झॅक प्रत्येकाला नाचाबरोबरच स्वतःविषयी बोलायला लावतो, एवढेच तिचे कथानक. नव्या संचात ही संगीतिका अधूनमधून दौऱ्यावर निघते आणि अमेरिकेत व ब्रिटनमध्ये राहणारे आमचे वाचक ती पाहून पत्रे लिहितात. या वेळच्या पत्रांत प्रयोगाइतकेच शेजारच्या खुर्च्यांवरील माणसांविषयीही लिहिलेले आढळले, त्यामुळे हे सदर प्रेक्षकांच्या प्रतिसादालाच दिले आहे.

प्रश्न : आम्ही दौऱ्यावरचा प्रयोग सहकुटुंब पाहिला. शेवटच्या सोनेरी पोशाखातील नृत्याला सारे प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मला मात्र रडू आवरत नव्हते. त्यानंतर कलाकार एकेक करून अभिवादनाला पुढे आले नाहीत, याचे माझ्या पत्नीला फार वाईट वाटले. इतक्या झगमगत्या शेवटाला मलाच उदास का वाटावे?

उत्तर : आपल्याला वाटले ते योग्यच होते, आणि उभे राहिलेल्या प्रेक्षकांनाही मी दोष देणार नाही. या संगीतिकेची कल्पना, दिग्दर्शन आणि नृत्यदिग्दर्शन ज्यांचे, ते मायकेल बेनेट स्वतः समूहनर्तक म्हणून ब्रॉडवेवर उमेदवारी करून वर आले होते आणि त्यांनी हा शेवट दोन्ही भावना एकदमच उसळून याव्यात अशा रीतीने बांधला आहे. मध्यंतर न घेता सुमारे 2 तास आपण या नर्तकांचे बालपण, आईवडिलांशी असलेले नाते, रूपाविषयीचे न्यूनगंड आणि पुढच्या कामाची चिंता ऐकत असतो. शीला नावाची नर्तकी तिशीला आली आहे आणि तिच्या तिखट बोलण्यामागे भीती आहे, हे आपल्याला कळलेले असते. मग हीच माणसे, निवडलेली आणि नाकारलेली दोन्ही, एकसारखे सोनेरी पोशाख आणि उंच टोप्या घालून परततात. आपण आधी शीलाला शोधतो, मग पॉल या तरुण नर्तकाला शोधतो. परंतु टोप्या एकाच कोनात झुकलेल्या असतात, पाय एकाच उंचीला जात असतात, आणि बघता बघता आपण चेहरे शोधायचे सोडून रांगेकडे पाहू लागतो. ज्यांना ओळखण्यात सारी संध्याकाळ गेली, त्यांच्या अनोळखी होण्याला आपण टाळ्या देतो. त्यातही या नृत्याबरोबरचे गाणे ज्या नायिकेच्या कौतुकाचे आहे, ती रंगमंचावर एकदाही येत नाही.

आपल्या पत्नीला खटकलेली गोष्ट याच विचाराचा भाग आहे. या नृत्यानंतर एकेकट्या कलाकाराने पुन्हा पुढे येऊन वाकणे बेनेट यांनी मुद्दाम ठेवले नाही. रांग पाय उडवत असतानाच प्रकाश मंदावतो. तसे अभिवादन झाले असते, तर प्रत्येकाला त्याच्या वाटणीची दाद मिळाली आणि हिशेब पुरा झाला, असे समाधान घेऊन आपण घरी गेलो असतो. समूहनर्तकाच्या आयुष्यात तो हिशेब पुरा होत नाही. त्या क्षणी टाळ्या वाजवताना हात थोडे अडखळले असतील, तर प्रयोग आपल्यापर्यंत नीट पोहोचला असे मी म्हणेन.

प्रश्न : मी 2006 नंतरचा न्यूयॉर्कचा प्रयोग पाहिला होता. अलीकडे ब्रिटनमध्ये पाहिलेल्या प्रयोगातील नृत्ये पुष्कळच वेगळी होती. माझ्या शेजारचे वयस्कर गृहस्थ त्यामुळे नाराज होते, तर पुढच्या रांगेतील तरुण मंडळी बेहद्द खूश होती. पुनरुज्जीवन म्हणायचे आणि मूळ नृत्येच बदलायची, हे रास्त आहे का?

उत्तर : आपण पाहिलेले दोन्ही प्रयोग पुनरुज्जीवनच होते, मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या. 2006 साली ब्रॉडवेवर आलेल्या प्रयोगाचे दिग्दर्शन बॉब एव्हियन यांनी केले होते, जे 1975 साली बेनेट यांचे सहनृत्यदिग्दर्शक होते; आणि मूळ नृत्ये पुन्हा उभी करण्याचे काम बेयॉर्क ली यांनी केले, ज्यांनी पहिल्या संचात कॉनीची भूमिका केली होती. एका नर्तकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात नृत्य उतरत जाते, त्या परंपरेतला तो प्रयोग होता. ब्रिटनमध्ये लेस्टरच्या कर्व्ह नाट्यगृहाने 2021 साली निकोलाय फॉस्टर यांच्या दिग्दर्शनाखाली जो प्रयोग केला आणि 2024 साली जो दौऱ्यावर गेला, त्यासाठी एलन केन यांनी नवे नृत्यदिग्दर्शन केले. बहुधा आपण तोच पाहिला असावा.

माझे मत विचाराल, तर पावले बदलायला माझी हरकत नाही. या नाटकात नृत्य प्रेक्षकाला एक काम शिकवते, आणि ते काम जिथे निसटते तिथे मला दोन्ही प्रकारचे प्रयोग कच्चे वाटतात. पहिलाच प्रवेश आठवून पाहा. पडदा उघडतो तेव्हा निवडचाचणी आधीच सुरू असते, पियानो वाजत असतो आणि नर्तकांचे घोळके आळीपाळीने तोच नृत्याचा तुकडा करत असतात. त्यांत कपाळाला पट्टी बांधलेला एक मुलगा आहे, जो सतत खाली स्वतःच्या पायांकडे पाहतो. झॅक त्याला मान वर करायला सांगतो. तो क्षणभर करतो आणि पुन्हा पायांकडे पाहू लागतो. दोन-तीन मिनिटांत प्रेक्षकही मनातल्या मनात कोण मागे पडते, कोण हात चुकवते, कोण उगाच हसते हे टिपू लागतात आणि नकळत परीक्षक होतात. पुढे झॅक रंगमंचावरून उतरून प्रेक्षागृहात मागे बसतो आणि त्याचा आवाज ध्वनिक्षेपकातून आपल्या पाठीमागून येतो. नर्तक त्याच्याशी बोलतात, पण त्यांची नजर आपल्यावरून जाते. प्रेक्षकांत बसलेली काही माणसे त्या वेळी चपापून मागे वळून पाहतात आणि मला हा त्या संध्याकाळचा सर्वांत खरा प्रतिसाद वाटतो. नवे नृत्यदिग्दर्शन करताना सुरुवातीपासून सगळेच निष्णात, सगळेच नेत्रदीपक दिसू लागले, तर टाळ्या भरपूर मिळतात आणि प्रेक्षकाचे परीक्षकपण मात्र जाते. ती किंमत मला जास्त वाटते. उलट जुनी पावले तंतोतंत बसवली, पण ती संग्रहालयातील वस्तूसारखी जपून केली, तर कोणी चुकण्याची भीतीच उरत नाही, आणि या नाटकाचा सगळा ताण त्या भीतीवर उभा आहे.

प्रश्न : काही विनोदांवर अजिबात हशा आला नाही, आणि काही ठिकाणी लोक नको तेव्हा हसले. 50 वर्षांपूर्वीचे नाटक आजच्या प्रेक्षकाला पोहोचत नाही, असे समजायचे का?

उत्तर : हशा न येण्याचा प्रश्न या संगीतिकेला जन्मापासून आहे आणि प्रेक्षकांच्या प्रतिसादावरूनच ती दुरुस्त होत गेली आहे. शस्त्रक्रियेने शरीराची ठेवण बदलून घेतल्यावर आपल्याला कामे कशी मिळू लागली, हे व्हॅल नावाची नर्तकी एका बिनधास्त गाण्यात सांगते. सुरुवातीच्या प्रयोगांत हे गाणे हवे तसे रंगेना. कारण असे निघाले की, कार्यक्रमपत्रिकेत छापलेल्या गाण्याच्या नावातच विनोदाची कळ होती, आणि प्रेक्षक ती आधी वाचून बसत होते. नाव बदलून ऑडिशनमधील गुणांवरून ‘डान्स : टेन, लुक्स : थ्री’ असे ठेवण्यात आले आणि तेच गाणे हशा घेऊ लागले. याहून मोठा बदल कॅसीचा. एके काळी एकल नृत्ये गाजवलेली आणि आता समूहात काम मागायला आलेली ही नर्तकी सुरुवातीला शेवटी नाकारली जात असे. अभिनेत्री मार्शा मेसन यांनी प्रयोग पाहून बेनेट यांना हे पटत नसल्याचे सांगितले आणि त्यानंतर कॅसीची निवड होऊ लागली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. मला हा बदल योग्य वाटतो. कॅसी नाकारली गेली असती, तर प्रेक्षक केवळ हळहळला असता. ती निवडली जाते तेव्हा, जिने एकटीने रंगमंच भरून टाकला तिला रांगेत मिसळावे लागणार आहे, हे कळून त्याला आनंद आणि खेद दोन्ही होतात.

कालमानाचा फरक पडतो, हे मात्र खरे. अठराव्या वर्षापूर्वीच्या गोष्टी सांगणाऱ्या सामूहिक गाण्यातील काही संदर्भ आज तरुणांना लागत नाहीत, आणि झॅक ज्या पद्धतीने नर्तकांची खासगी आयुष्ये उकरून काढतो ती पद्धत आजच्या प्रेक्षकाला अधिक टोचते. हे टोचणे मला उपकारकच वाटते. पॉलच्या स्वगताबाबतही असेच म्हणता येईल. स्त्रीवेशात नाचणाऱ्या पुरुषांच्या कार्यक्रमात तो काम करत असे. तिथे आईवडिलांनी त्याला अचानक पाहिले आणि वडील त्याचा उल्लेख ‘माझा मुलगा’ असा करून गेले, हे तो एका जागी उभा राहून, संगीताशिवाय, नाचाशिवाय सांगतो. 1975 साली व्यावसायिक संगीतिकेत समलिंगी तरुणाने असे बोलणे धक्कादायक होते. आज धक्का ओसरला आहे, तरीही त्या प्रवेशात प्रेक्षागृहात खोकल्याचाही आवाज येत नाही, कारण त्यातले वडील अजूनही घरोघरी आहेत. नको तेव्हा हसणाऱ्यांविषयी आपण फार वाईट वाटून घेऊ नये. पुष्कळ जण अवघडल्यावर हसतात.

प्रश्न : ही खरी माणसांची खरी कहाणी आहे, असे कार्यक्रमपत्रिकेत वाचले. ते कितपत खरे?

उत्तर : बऱ्याच अंशी खरे. जानेवारी 1974 मध्ये न्यूयॉर्कमधील नर्तक-नर्तकी रात्री एकत्र जमले, नाचले आणि मग त्यांनी टेपरेकॉर्डरसमोर आपापले आयुष्य सांगितले. त्या ध्वनिमुद्रणांतून जेम्स कर्कवुड आणि निकोलस डान्टे यांनी संहिता लिहिली. पॉलचे स्वगत डान्टे यांच्या स्वतःच्या आयुष्यातले आहे. संगीत मार्व्हिन हॅमलिश यांचे आणि गीते एडवर्ड क्लेबन यांची. ज्यांनी त्या रात्री बोलून दाखवले, त्यांपैकी काही जण पुढे पहिल्या संचात होते, परंतु प्रत्येकाला आपलीच भूमिका मिळाली असे नाही, आणि काही पात्रांत दोघातिघांची आयुष्ये एकत्र केलेली आहेत. आणखी एक गोष्ट प्रेक्षकांना ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते. मूळ प्रयोगाच्या उत्पन्नात या नर्तकांना काही वाटा होता. 2006 च्या पुनरुज्जीवनातून मात्र त्यांना सुरुवातीला काही मिळाले नाही, त्यावर वाद झाला आणि 2008 साली तडजोड झाली. आपल्या आयुष्याचा मजकूर दुसऱ्याच्या नावाने उभा राहतो तेव्हा त्याची कदर पैशांतही व्हायला हवी, आणि इथे ती उशिरा का होईना, झाली.

प्रश्न : निवड जाहीर होते तेव्हा माझ्या मागच्या बाई मोठ्याने ‘नाही!’ म्हणाल्या. पूर्वीही असे होत असे का?

उत्तर : त्या प्रवेशाची रचनाच तशी आहे. झॅक एकेकाचे नाव घेऊन पुढे यायला सांगतो. पुढे येणाऱ्याचा चेहरा उजळतो, आपल्यालाही वाटते की हाच निवडला गेला. मध्येच तो डायनाचे नाव घेतो आणि लगेच ‘नाही, माफ कर, रांगेत परत जा’ असे म्हणतो. ती खांदे पाडून मागे जाते. मग तो पुढच्या रांगेचे आभार मानतो आणि त्यांना निरोप देतो. मागे राहिलेल्यांना काम मिळाले आहे, आणि त्यांत डायनाही आहे. प्रेक्षकाने आनंद चुकीच्या माणसांसाठी मानलेला असतो आणि तो परत घेण्याइतका वेळही त्याला दिला जात नाही. आपल्या मागच्या बाई कोणासाठी ‘नाही’ म्हणाल्या हे मला सांगता येणार नाही, पण मॅगी किंवा शीला यांच्यासाठी असावे, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : स्वस्त तिकीट बाल्कनीचे आहे. तिथून प्रयोग पाहण्यात अर्थ आहे का? आणि 11 वर्षांच्या मुलीला न्यावे का?

उत्तर : बाल्कनीतून अवश्य पाहावा. रॉबिन वॅगनर यांचे मूळ नेपथ्य म्हणजे मोकळा काळा रंगमंच, जमिनीवर एक पांढरी रेषा आणि मागे फिरते आरसे. रेषेवरची माणसांची मांडणी वरून अधिक स्पष्ट दिसते. शीला किंवा पॉल यांचे चेहरे मात्र तिथून लांब पडतात, म्हणून लहान दुर्बीण जवळ ठेवावी. मुलीच्या बाबतीत मी थोडे थांबण्याचा सल्ला देईन. व्हॅलचे गाणे आणि वयात येण्याविषयीचे बोलणे उघड आहे, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे 2 तास मध्यंतर नाही. ती स्वतः नृत्य शिकत असेल, तर मात्र 13-14 व्या वर्षी तिला जरूर न्या आणि येताना तिला कोण निवडले जावे असे वाटत होते, ते विचारा.