विश्वामित्रीत एवढ्या मगरी आहेत, म्हणजे पाणी चांगलंच असणार ना? कयाक चालवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नुकतेच बडोद्याला राहायला आलात, काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून मगरी आणि कासवं दिसतात, त्यावरून नदी जिवंत आहे असं वाटतं, मग तिथे कयाक घालायला काय हरकत, आणि पाणी तपासायला घरचा टीडीएस मीटर पुरेल का?

आधी सरळ उत्तर देतो. कयाक घालू नका, टीडीएस मीटर पुरणार नाही, आणि पाण्याच्या बाबतीत मगरीची साक्ष काढू नका.

मगर फुप्फुसाने श्वास घेते. नाकपुड्या पाण्याबाहेर काढल्या की तिचं काम भागतं. खाली पाण्यात ऑक्सिजन आहे की नाही याचं तिला सोयरसुतक नाही. कासवांचंही बव्हंशी तेच. खायला मासे, डुकरं, कुत्री, शहराने फेकलेलं काहीबाही, आणि अंडी घालायला मातीचे उतार मिळाले की मगर टिकते. मासे दिसतात म्हणाल तर कुठले ते बघा. तिलापिया बऱ्याच खराब पाण्यात तग धरतो, मागूर तर वर येऊन हवाच गिळतो. रोहू-कटला ठणठणीत फिरताना दिसले तर गोष्ट वेगळी.

मी काही वर्षं पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काढली आहेत. लोक 'पाणी चांगलं आहे का' असं विचारतात आणि त्या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात, हे तिथे रोजच दिसायचं. माशाला चांगलं आणि माणसाला चांगलं यांत पुष्कळ अंतर आहे. मैल्यातल्या जंतूंनी माशाचं फारसं बिघडत नाही, तुमचं पोट मात्र बिघडतं. उलट, सांडपाणी शुद्ध करून सोडताना त्यात क्लोरीन जास्त उरलं तर जंतू मरतात आणि मासेही मरतात. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीच्या पाण्याचे वर्ग वापरावरून पाडले आहेत. उघड्यावर आंघोळीसाठी 'ब' वर्ग : विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (घाण कुजवताना जंतू वापरतात तेवढा ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅम किंवा कमी, सामू (पीएच) ६.५ ते ८.५ आणि १०० मिलिलिटरमागे एकूण कोलिफॉर्म (मैल्याचा माग देणारे जंतू) ५०० पर्यंत. मासे आणि वन्यजीवांसाठी 'ड' वर्ग : ऑक्सिजन ४ चालतो, सामू तोच, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत. 'ड' मध्ये कोलिफॉर्मचा रकानाच नाही, हे लक्षात घ्या. पाणी 'ड' मध्ये उत्तीर्ण होऊनही तुमच्या तोंडात जायच्या लायकीचं नसू शकतं. नौकाविहाराचा वेगळा वर्ग या यादीत नाही. पण कयाक शिकताना माणूस उलटतो, नाकातोंडात पाणी जातं, तेव्हा आंघोळीचाच निकष धरा.

अमोनियाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण रिपोर्ट वाचताना तिथेच फसायला होतं. रिपोर्टात बहुधा एकूण अमोनिया असतो, निकष मुक्त अमोनियाचा आहे; माशाला मुख्यतः तोच बाधतो. २५ अंशाला सामू ७ असेल तर एकूणपैकी जेमतेम अर्धा टक्का मुक्त रूपात असतो, सामू ८.५ झाला की साधारण १५ टक्के. म्हणजे एकूण ५ मिलिग्रॅम असलेलं पाणी एका सामूला माशाला सोसवतं आणि दुसऱ्याला कल्ले जाळतं. शेवाळ माजलेल्या पाण्याचा सामू दुपारी असाच वर चढतो. त्यात १.२ ही मर्यादा माझ्या मते फारच सढळ हाताची आहे. मत्स्यपालनवाले त्याच्या कितीतरी खालीच सावध होतात.

ऑक्सिजनचंही घड्याळ असतं. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री सगळ्यांबरोबर तोच वापरतं. त्यामुळे दुपारी तीनला भरलेली बाटली झकास आकडा दाखवते आणि पहाटे त्याच जागी मासे तोंड वर करून धापा टाकत असतात. ऑफिसच्या वेळेत घेतलेल्या नमुन्यांवरून माशांचं बरंवाईट ठरवणं मला कधीच पटलं नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर मासे तरंगतात त्याचंही कारण बहुतेकदा ऑक्सिजनच : तळाचा गाळ ढवळला जातो, कांसांमधून (पावसाळी नाले म्हणायचे, सांडपाणी बारा महिने) साठलेली घाण एकदम नदीत उतरते, आणि ती कुजवताना जंतू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात.

आता तपासणी कशी होते ते. विश्वामित्रीवर नमुना घ्यायला काठावर उतरायचं नाही, पुलावरूनच दोरीने बादली सोडायची; कारण उघड आहे. बाटली अशी भरायची की आत बुडबुडा राहता कामा नये. मग तिथल्या तिथे त्यात मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून, बूच लावून उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, आणि जितका जास्त तितका गडद. साका पांढराच राहिला तर पुढचं टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन घालून नेमकं मोजणं) करायची गरज उरत नाही, तिथे ऑक्सिजन नाहीच. मोठ्या नाल्याच्या तोंडाखाली हा पांढरा साका मी पाहिलाय, आणि पुलावर उभ्या असलेल्या कुणालाही तो रसायनशास्त्र न शिकवता कळतो.

कोलिफॉर्मची गोष्ट कटकटीची. निर्जंतुक बाटली, बर्फाची पेटी, शक्य तितक्या लवकर लॅब, मग नळ्या उबवणीला आणि निकाल हातात यायला दोन दिवस किंवा जास्त. थोडक्यात, तुम्ही पोहून, घरी येऊन, जेवून झोपलात तरी निकाल आलेला नसतो. बीओडीला आपल्याकडे २७ अंशाला तीन दिवस. म्हणून एका नमुन्यावर जाऊ नका. मंडळाच्या मासिक नोंदी मिळवा, निदान वर्षभराच्या, आणि एप्रिल-मे आणि पावसाळ्याचे आकडे वेगळे काढून बघा.

टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. आरओ बसवणाऱ्याने तो आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात पोचवला आणि तेव्हापासून सगळे त्यानेच जगाचं पाणी मोजतायत. ३०० आकडा आला म्हणून नदीत मैला नाही असं होत नाही. घरी काही करायचंच असेल तर मत्स्यालयाच्या दुकानातलं ऑक्सिजनचं किट आणि सामूच्या पट्ट्या घ्या. जंतूंसाठी काळी पडणारी एचटूएस कुपी मिळते, पण ती हो-नाही एवढंच सांगते आणि नदीच्या पाण्यात ती काळी पडणार हे न तपासताही सांगता येतं.

मग कयाक कुठे? मही नदीचं नाव कुणीतरी सुचवेलच, 'आपण तेच पाणी पितो' म्हणून. पितो खरे, पण फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा इथल्या फ्रेंच विहिरींतून. त्या नदीच्या वाळूखालून गाळलेलं पाणी ओढतात. नळाच्या पाण्यावरून वरच्या प्रवाहाला दाखला देता येत नाही. खाली खाडीकडे तर भरती-ओहोटी आहे आणि औद्योगिक सांडपाण्याचा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवाही तिकडेच सुटतो, तेव्हा तो पट्टा विसरा. मगरी महीतही आहेत. परवानगी असलेलं, देखरेख असलेलं ठिकाण शोधा, आणि लाइफ जॅकेटशिवाय बसवणाऱ्याच्या बोटीत पाय ठेवू नका. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात शाळकरी मुलांची बोट उलटली, तेव्हा काय झालं ते बडोद्यात कुणालाही विचारा.

जोरदार पाऊस झाला की पुढचे दोन-तीन दिवस कुठल्याच नदीत उतरू नका. उतरलातच, आणि पंधरवड्यात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरांना 'नदीच्या पाण्यात गेलो होतो' हे आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची (प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) शंका त्यावरूनच लवकर येते.