आयोवातलं भरीत

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत, आयोवाला चालले आहे. त्याच्या छोट्या गावात एकच भारतीय हॉटेल आहे. तिथलं सगळं गोडूस लागतं, असं सून सांगते. आम्हाला शेवभाजीची सवय. तिथे काय मागवावं? – एक वाचक, चोपडा

उत्तर : ताई, तिथलं मेन्यूकार्ड बहुतेक पंजाबी वळणाचं असतं. बटर चिकन, नान, पालक पनीर. गिऱ्हाईक मुख्यतः गोरं, म्हणून क्रीम सढळ आणि तिखट बेताचं. ऑर्डर घेताना ‘माइल्ड, मीडियम की हॉट’ विचारतात. ‘इंडियन हॉट’ म्हणा, संकोच करू नका. बैंगन भरता असेल तर तो क्रीम न घालता मागा. आपल्या भरताची सर त्याला नाही, कारण त्यात टोमॅटो असतो आणि वांगंही जांभळं, जाड सालीचं. आपलं हिरवं, पांढऱ्या रेघांचं जळगावचं वांगं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, हिरवी मिरची, लसूण नि कांद्याची पात घातलेलं... त्याची आठवण येणारच! म्हणून घरचा काळा मसाला जरूर न्या. विमानतळावर सामानात मसाला आहे हे स्पष्ट सांगा. कढीपत्ता मात्र नेऊ नका, तो काढून घेतात.

बिलावर पंधरा ते वीस टक्के टिप द्यायची रीत आहे. वाढणाऱ्यांची कमाई बरीचशी त्यावरच असते, तिथे हात आखडू नका. आणि दुपारच्या गर्दीनंतर जा. मालकाला सवड असेल तेव्हा शेवभाजी कशी करतात ते त्याला सांगून बघा.