दीक्षाभूमीवरच्या पाणीवाटप पथकाचं प्रमुखपद मागितलं होतं, मिळालं नाही. आता त्याच पथकात कसं वावरावं?

ज्यांची निवड झाली त्यांना आजच फोन करून अभिनंदन करा आणि यंदा तुम्ही नेमकं कोणतं काम उचलणार, ते त्याच फोनवर सांगून टाका. उशीर झाला की लोक तुमच्या गप्प बसण्याचे अर्थ काढू लागतात, आणि मग साधं बोलणंही जड जातं. अशाच एका पथकात प्रमुख निवडणाऱ्यांत मी काही वर्षं होतो. नकाराचं कारण बहुतेक वेळा माणसाची लायकी नसतं, वेळ असतो. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ दसऱ्याला लाखो लोक नागपुरात येतात, रेल्वेगाड्या रात्रीबेरात्री लागतात, आणि प्रमुखाला रात्री दोनलाही फोन उचलावा लागतो. नोकरी, घरी लहान मूल, हे आम्ही बघायचो; पण उमेदवाराला ते स्पष्ट सांगायचो नाही, ही आमची चूकच होती. म्हणून कारण जरूर विचारा, फक्त गर्दी ओसरल्यावर. ‘मला का नाही घेतलं?’ असं विचारलं की समोरचा बचाव करू लागतो. ‘पुढच्या वर्षी जबाबदारी हवी असेल तर आत्तापासून काय शिकू?’ याला खरं उत्तर मिळतं. मात्र मन फारच दुखावलं असेल तर ओढूनताणून जाऊ नका. यंदा येत नाही, एवढं आत्ताच कळवा, म्हणजे तुमच्या पाळीला दुसरं कुणी उभं करता येईल.