सात वर्षांच्या मुलीचं बोन मॅरो: काय सांगायचं, कधी सांगायचं

मुलगी सात वर्षांची, प्लेटलेट्स (रक्त थांबवणाऱ्या पेशी) सतत कमी, येत्या सोमवारी सकाळी ९ ला बोन मॅरो, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजाचा (मॅरोचा) नमुना काढून तपासणं. मागच्या आठवड्यात रक्त काढताना चौघांनी दाबून धरलं, तेव्हापासून पांढरा कोट दिसला तरी अंग चोरते. आजी म्हणतात, काही सांगू नका, पुण्यातल्या सारसबागेत जाऊ म्हणून रिक्षात बसवा. सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर कसं, हा तुमचा प्रश्न.

सांगायचं. आजींच्या मायेबद्दल शंका नाही, पण सारसबागेची म्हणून निघालेली रिक्षा हॉस्पिटलच्या दारात थांबली, की पुढच्या वेळी खऱ्या सारसबागेलाही ती यायची नाही. आणि अशा आजारात पुढच्या वेळा बहुधा येतातच.

आधी एक गोष्ट तुमच्या मनात पक्की करा. ती घाबरलीय ती मॅरोला नाही, मॅरो म्हणजे काय हे तिला माहीतच नाही. ती घाबरलीय धरून ठेवण्याला. या वयाच्या मुलांचं मॅरो बहुतेक ठिकाणी भूल देऊन करतात, म्हणजे हाडातली सुई तिला कळणारच नाही. तिला जागेपणी कळणार आहेत त्या गोष्टी तीनच: उपाशी राहणं, हातात सलाईनची सुई लावणं आणि तुमच्यापासून थोडा वेळ दूर जाणं. तयारी या तिन्हींची करायची. पालक मात्र सगळा जोर मॅरोच्या सुईचं वर्णन करण्यात किंवा ती लपवण्यात घालवतात आणि सलाईनच्या सुईलाच सगळं फिसकटतं.

म्हणून उद्याच डॉक्टरांना फोन करून दोन प्रश्न विचारा. भूल कोणती आणि ती भूलतज्ज्ञ देणार का? सुई लावण्याआधी बधिर करणारी क्रीम लावू द्याल का? नुसतं जागेवर बधिर करायचं इंजेक्शन देऊन करू असं उत्तर आलं, तर का ते विचारा. त्या इंजेक्शनने कातडी आणि हाडाचा वरचा पापुद्रा बधिर होतो, हाडाच्या आतला भाग होत नाही. सिरिंजने मॅरो ओढताना काही सेकंद जी कळ येते ती त्याने थांबत नाही, आणि आधीच धास्तावलेल्या मुलीला त्यातून नेण्यात शहाणपण नाही.

आता तुमच्यापुरतं, नेमकं काय करतात ते. कमरेच्या मागे, कुल्ल्याच्या वर खळी पडते तिथलं हाड कातडीच्या जवळ असतं. मुलीला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. जागा पुसतात, बधिर करतात, मग पोकळ सुई गोल फिरवत हाडात नेतात. आधी सिरिंजने थोडा पातळ मॅरो ओढतात, दिसायला रक्तासारखाच. मग दुसऱ्या सुईने हाडाचा बारीक तुकडा, पेन्सिलीच्या शिशासारखा, एक-दीड सेंटीमीटरचा. सुईचं काम १५-२० मिनिटांचं. कधीकधी ओढूनही मॅरो येत नाही, मग सुई थोडी सरकवून परत प्रयत्न करतात. तसं झालं तर कुणाचं चुकलं असं नसतं. ‘पाठीच्या कण्यातून पाणी काढतात, पोर अधू होतं’ असं शेजारी सांगतील. ती तपासणी वेगळी (आणि त्यानेही कुणी अधू होत नाही), इथे कण्याला हात लागत नाही. काढलेला मॅरो शरीर भरून काढतं, अशक्तपणा येत नाही.

सात वर्षांच्या मुलीला तीन-चार दिवस आधी सांगावं, म्हणजे गुरुवार-शुक्रवार. पंधरा दिवस आधी सांगितलं तर ती पंधरा दिवस कुढते, रविवारी रात्री सांगितलं तर झोपत नाही. दुपारी, पोट भरलेलं असताना, एकाच माणसाने सांगायचं. वाक्यं साधी ठेवा:

‘आपलं रक्त हाडांच्या आत तयार होतं. तिथे रक्ताचा कारखाना असतो. तुझ्या कारखान्यात एक प्रकारचं सामान कमी का बनतंय, ते डॉक्टरांना बघायचंय. म्हणून ते चिमूटभर नमुना काढतील. तेव्हा तुला औषधाची झोप असेल. रात्रीच्या झोपेत हाक मारली तर जाग येते, या झोपेत टोचलेलं कळत नाही. काम झालं की डॉक्टर औषध थांबवतात आणि तू जागी होतेस. तू काही चुकीचं केलंस म्हणून हे नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘जेवली नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे आपल्या घराघरांत ऐकवलं जातं आणि मुलं त्याचा अर्थ शब्दशः घेतात. निदान या आठवड्यात ते घरात कुणी म्हणू नये. ‘बेशुद्ध करतील’ नको, ‘हाड कापतील’ नको. ‘अजिबात दुखणार नाही’ तर नकोच, कारण ते खोटं ठरलं की पुढचं खरंही ती मानत नाही. ‘टोचेल, तू पाचपर्यंत मोजेपर्यंत, मग संपेल’ हे चालतं. तिने ‘मला काय झालंय?’ विचारलं तर ‘तेच शोधायला ही तपासणी’ हे खरं उत्तर आहे. मात्र तिच्यासमोर फोनवर कुजबुजू नका. कुजबुज मुलांना आधी ऐकू येते.

शनिवारी-रविवारी खेळातून सराव करा. बाहुली, कापूस, चिकटपट्टी आणि बिनसुईची सिरिंज पुरे. बाहुलीला सलाईन तिने लावायची, तुम्ही बाहुलीच्या बाजूने बोलायचं. कॅन्युलाबद्दल (सलाईनसाठी हातात लावतात ती नळी) एक गोष्ट सांगितली की मुलांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं: सुई आत राहत नाही. सुईवर मऊ प्लास्टिकची नळी असते, नळी शिरेत गेली की सुई बाहेर काढून टाकतात. मुलांना वाटतं सुई आत रुतलेलीच आहे, म्हणून ती हात ताठ धरून बसतात.

फुंकर शिकवा. गरम वरणभातावर घालतो तशी, हळू आणि लांब. तोंड उघडं ठेवून किंचाळताना श्वास अडकतो, अंग आवळतं. फुंकर घालताना खांदे सैल पडतात. साबणाच्या फुग्यांची डबी किंवा भिरभिरं सोबत न्या. डोळे मिटून फुलराणीत (बागेतल्या छोट्या रेल्वेत) बसायचं आणि वळणं मोजायची हेही या वयाला छान जमतं.

आता क्रीम, कारण चुका इथेच होतात. लिग्नोकेन आणि प्रिलोकेनची ही क्रीम प्रिलॉक्स या नावाने मिळते. डॉक्टरांना विचारूनच आणा, जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांना ती देत नाहीत. दोन्ही हातांच्या पाठीवर, सिस्टरनी आधी दाखवून ठेवलेल्या शिरेवर, पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत श्रीखंडाचा गोळा ठेवावा तसा जाड थर द्यायचा. चोळायची नाही. चोळली की पातळ होते आणि काम करत नाही. वर पारदर्शक चिकटपट्टी. किमान ६० मिनिटं. वीस मिनिटांत पुसली तर न लावल्यासारखीच, आणि मग मुलगी म्हणते, ‘तुमची जादूची क्रीम खोटी’. ९ ची वेळ म्हणजे सुई साधारण साडेआठला, म्हणजे क्रीम सव्वासातला, घरीच. सोमवारी सकाळी स्वारगेटच्या सिग्नलवर अडकून हा तास भरून निघतो, तेवढाच ट्रॅफिकचा उपयोग. क्रीमने कातडी पांढरी पडते आणि शीर दबते, म्हणून पुसल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून हात कोमट करा.

सुई लावताना तिला आडवं पाडू नका. तुमच्या मांडीवर, छातीशी छाती लावून बसवा, तिचा एक हात तुमच्या काखेखालून मागे सिस्टरकडे. तिला मिठी वाटते, हातही स्थिर राहतो. हे आधीच सिस्टरना सांगून ठेवा, बहुतेक जणी तयार होतात. बोलणारा आवाज एकच हवा. चार जण ‘झालं झालं’ ओरडले की काहीच झालेलं नाही हे तिला कळतं. निवड द्या, पण खरी: कोणता हात, बघायचं की नाही, कोणता व्हिडिओ. ‘सुई लावायची का?’ ही निवड नव्हे. रडायची मुभा असते, हात हलवायची नाही, एवढा एकच नियम.

उपाशीपोटीचा हिशोब: घन पदार्थ आणि दूध ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. ९ साठी रात्री व्यवस्थित जेवण, पहाटे ३ नंतर काही नाही, पाणी ७ पर्यंत. हॉस्पिटलने वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. दुधाचा चहा हा दूधच. भुलेत गिळण्यावरचा ताबा जातो आणि पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं, म्हणून ‘एवढंसं बिस्किट’ खाल्लं तरी तपासणी पुढे ढकलतात. खाल्लं असेल तर लपवू नका. या पहाऱ्याचं काम आजींना द्या. बिस्किट देणारा हातच राखणीला बसला की प्रश्न मिटतो.

नंतर थोडा वेळ पाठीवर झोपवतात, म्हणजे जागेवर दाब राहतो. प्लेटलेट्स कमी असल्याने हे जास्त वेळ चालेल. केटामिन हे भुलेचं औषध दिलं असेल तर जाग येताना डोळे भिरभिरतात, मूल असंबद्ध बोलतं, चिडतं, उलटी होते. दिवा मंद ठेवा, प्रश्न विचारू नका. घरी दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका, पुण्यात हा मोह होतोच. मान लुळी असते. रिक्षा किंवा गाडी, आणि शेजारी एक मोठं माणूस, हनुवटी छातीवर पडू नये म्हणून.

पट्टी २४ तास कोरडी ठेवा. पहिल्या दिवशी अधूनमधून बघा. रक्त भिजून आलं तर १० मिनिटं सलग दाबा, तरी थांबलं नाही तर हॉस्पिटल. दोन-तीन दिवस मुका मार लागल्यासारखं दुखतं. पॅरासिटामॉल वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ६ तासांचं अंतर. २० किलोला ३०० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत १२० चं असतं आणि २५० चंही, नाव तेच, म्हणून बाटलीवरचा आकडा वाचूनच मापा. देण्याआधी ताप मोजा, नाहीतर औषधाने ताप झाकला जातो. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर रात्र असली तरी लगेच फोन. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन नाही, त्यांनी प्लेटलेट्सचं काम बिघडतं.

काही दिवस ती चिकटून राहील, कदाचित अंथरूण ओलं करेल, बाहुलीला सटासट सुया टोचेल. टोचू द्या. शाबासकी ‘रडली नाहीस’ याची नको, ‘हात हलवला नाहीस’ याची द्या.

पातळ मॅरोचा पहिला अहवाल एक-दोन दिवसांत येतो, हाडाच्या तुकड्याला आठवडाभर लागू शकतो, कारण तो आधी मऊ करावा लागतो. गुणसूत्रांची तपासणी सांगितली असेल तर आणखी वेळ. या मधल्या दिवसांत फाइलच्या आतल्या पानावर लिहून ठेवा: कोणत्या हाताची शीर मिळाली, क्रीम किती वाजता लावली, मांडीवर बसून झालं का, कोणत्या औषधाने उलटी झाली. पुढच्या वेळी नव्या सिस्टर येतील, तेव्हा ते पान उघडून त्यांच्या हातात द्यायचं.